उपवास आणि उपासमार : घरातले मांजर अन्न सोडते तेव्हा

(सुवर्णमहोत्सवी जीवदया परिसंवादात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जीवदया या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्तांनी मला केली. जीवदया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांजरपोळ येते, गोशाळा येते, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी टांगलेली पाण्याची भांडी येतात. या कामांविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा ज्येष्ठ मंडळींचा आहे. मी आज आपल्या उंबरठ्याच्या आत राहणाऱ्या एका लहानशा जिवाविषयी बोलणार आहे. तो जीव म्हणजे मांजर. विषय एवढाच, की हे मांजर एके दिवशी ताटलीकडे पाठ फिरविते, उलट्या करू लागते, कोपऱ्यात जाऊन बसते. त्या वेळी घरच्या माणसाने काय समजावे आणि काय करावे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. कापडाच्या दुकानात मांजर हवेच असते, कारण एका रात्रीत एखादा उंदीर साड्यांच्या थप्पीचे जे करतो ते वर्षभराच्या नफ्यातून भरून निघत नाही. त्यामुळे मांजरांचा सहवास मला लहानपणापासून लाभला. वैद्यकीय ज्ञान मात्र माझे नव्हे. पशुवैद्यांना वेळोवेळी विचारून आणि त्यांनी वाचावयास दिलेले वाचून जे पदरी पडले, तेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

आपल्या समाजात अन्नत्यागाला केवढे मोठे स्थान आहे, हे मी आपणांस सांगावयास नको. पर्युषणात घराघरांत उपवास होतात, कोणी अठ्ठाई करतो, कोणी त्याहून मोठी तपश्चर्या करतो, आणि पारण्याच्या दिवशी सारे कुटुंब त्या तपस्व्यापुढे नम्र होते. शिवाय लंघन हे मोठे औषध, ही समजूत आपल्या हाडीमांसी भिनलेली आहे. पोट बिघडले की आजी म्हणायची, आज काही खाऊ नकोस, उद्या बरे वाटेल. माणसाच्या बाबतीत हा सल्ला बहुधा खराही ठरतो. म्हणूनच घरातल्या मांजराने खाणे सोडले की आपल्या तोंडून सहज निघून जाते, 'राहू दे, पोट बिघडले असेल, दोन दिवस लंघन घडले तर आपोआप ठीक होईल.' मला आज जे सांगावयाचे आहे ते याच वाक्याविषयी. माणसाला जे लंघन मानवते तेच मांजराच्या जिवावर बेतते.

याचे कारण त्याच्या शरीराच्या घडणीत आहे. माणूस उपवास करतो तेव्हा त्याचे शरीर प्रथम यकृतात साठविलेली साखर वापरते आणि मग हळूहळू अंगावरच्या चरबीकडे वळते. निरोगी माणसाचे यकृत हा बदल सहन करते. मांजर हे जन्मजात मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या शरीराला दररोज भरपूर प्रथिने लागतात, आणि अन्न थांबले तरी प्रथिने खर्च करण्याचा वेग त्याला फारसा कमी करता येत नाही. अन्न बंद झाले की अंगातील चरबी सुटून रक्तावाटे यकृताकडे धाव घेते. आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर गोदामातून गठ्ठ्यांमागून गठ्ठे दुकानात येऊन पडू लागतात. तो माल पुढे रवाना करावयाचा तर बारदान हवे. ते बारदान म्हणजे प्रथिने, आणि ती यावयाची अन्नातून. अन्नच बंद, मग माल दुकानातच साचत जातो, पाय ठेवावयास जागा उरत नाही आणि सारा व्यवहार ठप्प होतो. यकृतात अशी चरबी साचण्याच्या विकाराला पशुवैद्य हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. हा विकार जडला की मळमळ वाढते, मळमळीमुळे खाणे आणखी नकोसे होते, आणि खाल्ले नाही म्हणून विकार बळावतो. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, कानांची आतली त्वचा पिवळी दिसू लागते. काही दिवसांच्या उपासमारीत हे घडते. लठ्ठ मांजरात तर दोन-तीन दिवसांतही सुरुवात होऊ शकते. आपल्याला वाटते की गुबगुबीत मांजर आहे, अंगावर साठा आहे, चार दिवस निघतील. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. साठा जितका मोठा तितका धोका मोठा.

म्हणून पशुवैद्य जो हिशेब सांगतात तो आपण पाठ करावा. पूर्ण वाढलेल्या मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही, तर त्याच दिवशी पशुवैद्याला विचारावे. लहान पिलाच्या बाबतीत १२ तासही पुष्कळ झाले. पिलू जितके लहान तितकी मुदत कमी. खाणे बंद आहे आणि जोडीला उलट्याही होत आहेत, तर घड्याळाकडे पाहत बसण्याचे कारणच नाही. आपण उपवास करतो तेव्हा पच्चक्खाण घेतो. त्यामागे समज असते, संकल्प असतो, पारण्याची वेळ ठरलेली असते. मांजराचा कोणताही संकल्प नसतो. ते खात नाही कारण त्याला खाववत नाही.

आता उलटीविषयी. मांजर उलटी करते म्हणजे प्रत्येक वेळी आजारीच असते असे नाही. ते जिभेने आपले अंग चाटून स्वच्छ करते, तेव्हा केस पोटात जातात आणि अधूनमधून केसांची लांबट गुंडाळी बाहेर पडते. घाईघाईने खाल्ले तर न पचलेला घास जसाच्या तसा परत येतो. महिन्याकाठी एखाद्या वेळी असे घडले, आणि नंतर मांजर पूर्वीप्रमाणे खाते, खेळते, तर काळजीचे कारण नाही. परंतु एका दिवसात तीन-चार वेळा उलटी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी पदार्थ दिसला, पाणीही पोटात ठरेना, पोटाला हात लावताच मांजर ओरडू लागले, मलूल होऊन पडून राहिले, तर केसांची गुंडाळी असेल असे म्हणून स्वतःची समजूत घालू नये. उलटीचा आव आणते पण बाहेर काहीच पडत नाही, आणि तेच पुनःपुन्हा चालू आहे, हेही गंभीर लक्षण मानावे.

कारणे अनेक असतात आणि त्यांचा निवाडा पशुवैद्यानेच करावयाचा असतो. तथापि काही कारणे आपल्या घरातली आणि दुकानातली आहेत, ती आपण ओळखली पाहिजेत.

पहिले कारण आपल्या धंद्यातलेच आहे, ते म्हणजे दोरा. दोरा दिसला की मांजर खेळते हे आपण कौतुकाने पाहतो. त्याच्या जिभेवर मागच्या बाजूस वळलेले बारीक काटे असतात. एकदा दोरा जिभेवर चढला की तो बाहेर टाकणे त्याला जमत नाही; तो आतच सरकत जातो. अनेकदा दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. आतडे आपल्या गतीने दोरा पुढे ओढू पाहते, वरचे टोक सुटत नाही, आणि नाडी ओढल्यावर परकराच्या घेराला चुण्या पडाव्यात तसे आतडे दोऱ्यावर गोळा होते. ताणलेला दोरा आतड्याला कापतोही. शिवणाचा दोरा, सुई ओवलेला दोरा, फीत, मिठाईच्या खोक्याची सुतळी, संक्रांतीनंतर गच्चीवर पडून राहिलेला मांजा, ही सर्व या विषयातली अपराधी मंडळी.

आमच्या पेढीवर असा एक प्रसंग घडला. दिवस पर्युषणाचे होते. दुकानातली मनी दोन वेळचे अन्न तशीच ठेवून ताग्यांच्या मागे जाऊन बसली होती. सकाळपासून दोनदा पिवळसर फेस ओकली होती. एक ओळखीचे गिऱ्हाईक हसून म्हणाले, 'शेठजी, तुमच्या मनीनेही अठ्ठाई धरलेली दिसते.' सगळे हसले. आमचे दिवाणजी मात्र तिच्याकडे बारकाईने पाहत होते. ते म्हणाले, 'तोंडाला पंजा लावते आहे, लाळ गळते आहे. उपवास करणारा असे करत नाही.' त्याच दुपारी तिला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी तोंड उघडून जीभ वर उचलली, तो मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा फास. बरोबरचा पोऱ्या तो ओढावयास पुढे झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्याचा हात धरला. बाहेर दिसणारे टोक ओढणे म्हणजे आत ताणलेल्या दोऱ्याने आतडे चिरून घेणे, हे त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि हातभर दोरा निघाला. मनी बरी झाली. तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी गादी झाडताना दोऱ्यांची कात्रणे झाकणाच्या डब्यात जातात. शिलाईची यंत्रे असणाऱ्या प्रत्येक घराने एवढे करावे.

दुसरे कारणही कपाटातलेच. डांबराच्या गोळ्या आपण कपड्यांत सर्रास ठेवतो. त्या मांजराला विषारी आहेत. पोटात गेल्या तर उलट्या होतात आणि रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. फिनेलने पुसलेल्या लादीवरून मांजर चालते आणि मग आपले पंजे चाटते; त्यानेही ते आजारी पडते. उंदरांसाठी ठेवलेले विष खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी लागला, तर त्या विषाचा वाटेकरी मांजरही होते. अलीकडे समारंभांत लिलीच्या फुलांचे गुच्छ येतात. खऱ्या लिलीची पाने, पाकळ्या, पराग, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते, आणि त्याची पहिली लक्षणे म्हणजे उलटी व अन्न सोडणे हीच होत. कांदा आणि लसूण हेही त्याच्या रक्ताला घातक आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात हे दोन्ही पदार्थ नसतात. एवढ्यापुरते आपल्या घरचे मांजर सुखी म्हणावयास हरकत नाही.

तिसरे कारण रोगांचे. लहान पिले एका अत्यंत संसर्गजन्य विषाणूने दगावतात. त्याला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात. पिलू खाणे सोडते, उलट्या-जुलाब होतात, आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. त्यावर प्रभावी लस आहे आणि पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर ती टोचण्यास सुरुवात करतात. पोलिओचा डोस न चुकविणारे आपण ही लस मात्र विसरतो. बोक्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो खडे किंवा चिकट द्रव्याने तुंबतो. बोका पुनःपुन्हा लघवीला बसतो, कण्हतो, थेंबभरही होत नाही. मग उलट्या सुरू होतात आणि खाणे सुटते. घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झाले. येथे प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो. एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. रात्र असली तरी डॉक्टरांना उठवावे. वयस्कर मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो. मांजर पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते, वाळत जाते आणि अधूनमधून ओकते.

मग घरच्या माणसाने काय करावे? मी व्यापारी असल्यामुळे माझा पहिला सल्ला रोजमेळाचा. एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावे : शेवटचे व्यवस्थित कधी खाल्ले, पाणी पिते का, उलटी किती वेळा आणि कशी झाली, लघवी व शौच केव्हा झाले, घरात कोणती वस्तू हरवली किंवा कुरतडलेली दिसते. मुके जनावर डॉक्टरांना काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीने हा कागद बोलतो. आता प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, तेव्हा उलटीचे छायाचित्र आणि मांजराच्या हालचालींचे थोडे चित्रण करून ठेवावे. मांजराचा वरचा ओठ हळूच उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या ओलसर व गुलाबी असाव्यात. कोरड्या व चिकट असतील तर अंगातले पाणी कमी झाले आहे. फिकट, पिवळ्या किंवा तपकिरी दिसल्या तर क्षणाचाही विलंब करू नये.

पाणी जवळ ठेवावे. रात्री चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तानंतर भांडी आवरली जातात. त्यात मांजराचे पाणी आवरले जाऊ नये. ते संध्याकाळी आणि पहाटे अधिक जागे असणारे जनावर आहे. उलटी थांबलेली असेल तर नेहमीचे अन्न किंचित कोमट करून, अगदी थोडे, पुढे ठेवावे. वासाने भूक चाळवते. नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ते खात नाही. परंतु जबरदस्तीने तोंडात कोंबू नये. घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते, आणि पुढे त्या अन्नाचा त्याला कायमचा तिटकारा येतो. भूल, क्ष-किरण, सलाईन हे सारे डॉक्टरांवर सोपवावे. नेताना मांजर पिशवीत किंवा कडेवर घेऊ नये. झाकणाची टोपली किंवा जाळीचा पिंजरा बरा. दुखणाऱ्या मांजराने चावा किंवा बोचकारा घेतला तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काय करू नये, याची यादी त्याहून महत्त्वाची. दूध पाजू नये. मांजर आणि दूध यांचे नाते आपण म्हणींतून शिकलो. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि बिघडलेले पोट अधिक बिघडते. तूप, एरंडेल, मीठपाणी असले उपाय करू नयेत. विष पोटात गेल्याचा संशय आला तरी आपण होऊन उलटी करवू नये. आणि सर्वांत मोठी सूचना ही, की माणसाचे औषध देऊ नये. ताप आला असेल म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. मांजराच्या यकृतात ते औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा अत्यंत दुबळी आहे. तीन-चार किलो वजनाच्या त्या जिवाला आपली ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मृत्यूच्या दारात नेते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. दयेपोटी दिलेली गोळी मारक ठरते, म्हणून दयेला ज्ञानाची जोड हवी.

यकृताचा विकार झालाच, तर उपाय काय, असे कोणी विचारील. उपाय अन्न हाच आहे. पशुवैद्य नाकातून किंवा मानेजवळून एक बारीक नळी अन्ननलिकेत बसवितात आणि तीतून पातळ अन्न देतात. पहिल्या दिवशी अगदी थोडे, मग हळूहळू वाढवीत. मोठ्या तपश्चर्येनंतर पारणे मुगाच्या पाण्याने आणि बेताने करावे, हे आपण जाणतोच. एकदम पोटभर अन्न दिले तर उपाशी शरीराला ते बाधते. मांजरालाही हाच नियम. कित्येकदा आठवडेच्या आठवडे घरच्यांनी त्या नळीतून अन्न द्यावे लागते. काम कंटाळवाणे असते, पण वेळेत आणलेली पुष्कळ मांजरे यातून उठतात. उपचार न केलेली बहुतेक उठत नाहीत.

आता मी अशा मुद्द्यावर येतो, जो या सभागृहात मांडताना संकोच वाटतो, पण टाळता येत नाही. मांजराला पशुवैद्य जे अन्न सुचवितात ते मांसजन्य असते. शाकाहारी घरात ते कसे आणावे? आपल्या जुन्या वाड्यांत मांजर दूधभातावर जगते असे आपण समजत होतो. ते दूधभात खात असे हे खरे. परंतु माळ्यावर आणि परसात त्याची शिकारही चालू असे. आज चौथ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेत उंदीर नाही, परस नाही, आणि ताटलीत दूधपोळीच आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये संशोधनाने सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू ढिले पडून ते मरू शकते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. टॉरीन प्रयोगशाळेत तयार करता येते आणि ते घातलेले वनस्पतिजन्य खाद्यही काही ठिकाणी मिळते. पण त्याचा विचार निरोगी मांजरापुरता आणि पशुवैद्याच्या देखरेखीखाली व्हावा. आजारी, उपाशी मांजर ही असल्या प्रयोगाची जागा नव्हे.

येथे दोन अहिंसा समोरासमोर उभ्या राहतात, हे मला मान्य आहे. प्रत्येकाने आपल्या विवेकाने आणि गुरुजनांना विचारून निर्णय करावा. माझे म्हणणे इतकेच, की हा निर्णय मांजर घरात आणण्यापूर्वी करावा. ज्या घरात त्याला मानवेल असे अन्न देणे शक्य नाही, त्या घराने मांजर न पाळणे हीच त्याच्यावरची दया. परंतु एकदा त्याला दाराआड बंद केले, त्याची शिकार आणि भटकंती आपण हिरावून घेतली, की त्याच्या पोटाची जबाबदारी आपली झाली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत अन्नपाननिरोध हा एक आहे. आपल्या आश्रयास असलेल्या जिवाचे अन्नपाणी रोखणे हा अहिंसेचा भंग आहे, हे आपल्या आचार्यांनी इतक्या शतकांपूर्वी जाणले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातही पाळीव प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा अपराध ठरविला आहे.

आणखी एक गोष्ट. वयोवृद्ध मांजराने अन्न सोडले की कोणी तरी हळहळून म्हणते, 'तिने संथारा घेतला, आता तिला त्रास देऊ नका.' या बोलण्यामागची भावना कोमल आहे. परंतु संथारा ही विवेकी जिवाने, पूर्ण जाणिवेने, गुरूंच्या अनुज्ञेने स्वीकारलेली साधना आहे. त्या शब्दाचे मोल आपण जाणतो, म्हणूनच तो इतक्या सहज वापरू नये. पंधरा वर्षांच्या मांजराची दाढ किडलेली असेल, तोंडात व्रण असतील, मूत्रपिंडाच्या विकाराने मळमळत असेल. यांपैकी बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. आधी तपासून घ्यावे. आता करण्यासारखे काही नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तरीही वेदना कमी करणे, ऊब देणे, ओठ ओले ठेवणे, जवळ बसणे हे उरतेच. त्याला सोडून देणे आणि त्याची सोबत करणे यांत फार अंतर आहे.

शेवटी एक विनंती. मुंबईत परळ येथे १८८० च्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्यास त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव देण्यात आले. १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पेटिट हे कापडगिरण्यांचे मालक. कापडाच्या धंद्यातला पैसा मुक्या जिवांच्या औषधाला लागला, याचा एक कापडव्यापारी म्हणून मला अभिमान वाटतो. एवढे मोठे काम आपल्या संस्थेने लगेच करावे असे मी म्हणत नाही. लहान गावांतले पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी असतात. मांजराची शस्त्रक्रिया कोठे होते हे ऐन वेळी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून संस्थेने तीन गोष्टी कराव्यात. लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या जवळपासच्या पशुवैद्यांची नावे आणि रात्रीच्या वेळा कार्यालयाच्या फलकावर लावाव्यात. दोन जाळीचे पिंजरे कार्यालयात ठेवावेत, जे कोणीही विनामूल्य नेऊन परत आणून देईल. आणि जीवदयेच्या खात्यातून एक लहानशी रक्कम बाजूला काढावी, म्हणजे एखाद्या गरीब घरच्या मांजराचा उपचार पैशाअभावी थांबणार नाही. या खात्यात पहिली जमा आमच्या पेढीतर्फे करण्याची अनुमती विश्वस्तांनी मला द्यावी.

 आज घरी गेल्यावर मांजराची ताटली जरूर पाहा. ती सकाळपासून भरलेलीच असेल, तर उद्याची वाट पाहू नका.

जय जिनेंद्र.